ट्राम, विजेची गाडी आणि एक दशक



मुंबईच्या वाहनांची कथा सांगतांना आपण बहुधा दोन तारखांवर थांबतों. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, ही एक. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला शेवटची ट्राम गेली, ही दुसरी. परंतु आजची मुंबई ज्या वळणावर घडली, तें वळण या दोन तारखांच्या मध्यें आहे. १९२५ ते १९३५ या दहा वर्षांकडे आज मागें वळून पाहावें, अशी माझी इच्छा आहे.

त्या दशकाच्या आरंभीं शहरांतलें रोजचें जाणेंयेणें मुख्यतः ट्रामच्या हातीं होतें. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजीं सुरू झाली. तिचा एक मार्ग कुलाब्याहून, तर दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीस जाई. १९०७ सालीं विजेची ट्राम आली, आणि १९२० मध्यें तिच्यावर दुसरा मजला चढला. ट्रामचे रूळ भर रस्त्यांत. बैलगाड्या, व्हिक्टोरिया, हातगाड्या आणि पादचारी हे सारे तिचे सोबती. म्हणून रस्त्याचा जो वेग, तोच तिचा वेग. पण तिच्यासाठीं जिना चढावा लागत नसे कीं फलाट गांठावा लागत नसे. म्हाताऱ्या माणसालाही दोन नाक्यांपुरतें तिच्यांत बसतां येई.

३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा-बोरीवली मार्गावरही वीज आली. हा बदल केवळ धूर नाहींसा होण्याचा नव्हता. वाफेचें एंजिन वेग घेण्यास वेळ लावतें. म्हणून स्थानकें जवळजवळ असलीं म्हणजे त्याची अडचण होते. विजेची गाडी चटकन वेग घेते आणि चटकन थांबते. शिवाय तिच्या दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्यामुळें, शेवटच्या स्थानकावर एंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याचा खटाटोप उरला नाहीं. त्यामुळें थोड्या थोड्या वेळानें गाड्या सोडणें शक्य झालें.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्यें स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें दादर-माटुंग्यास नव्या वसाहती आंखल्या होत्या. तेथवर ट्रामही पोहोंचली, पण त्यापुढें फारशी सरकली नाहीं. विजेची गाडी मात्र १९३६ मध्यें विरारला जाऊन भिडली. इकडे १९२६ पासून रुळांवांचून धांवणारी मोटारबसही रस्त्यावर आली होती. ट्राम हळू चालते म्हणून ती गेली, असें म्हणतात. मला वाटतें, जेथें नवीं घरें उठत होतीं तेथें तिचे रूळच नव्हते, हें कारण अधिक खरें आहे.

आणि येथेंच माझ्या मनांतला मुख्य विचार येतो. वेगानें वेळ वाचतो, अशी आपली समजूत आहे. मुंबईकराच्या पदरांत तो वाचलेला वेळ फार काळ राहिला नाहीं. अंतरानें तो गिळला. गाडी जलद झाली तसें घर लांब गेलें. गिरगांवांतून पायीं कचेरींत जाणाऱ्याचा मुलगा पार्ल्याहून जाऊं लागला, नातू विरारहून. या शर्यतीची किंमतही लहान नाहीं. २०२३ व २०२४ या दोन्ही वर्षीं मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर प्रत्येकीं दोन हजारांहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. कोणी रूळ ओलांडतांना, कोणी भरलेल्या डब्याच्या दारांतून पडून.

ऑक्टोबर २०२५ मध्यें भुयारी मेट्रो काळबादेवी आणि गिरगांवच्या पोटांतून कफ परेडपर्यंत गेली. घोड्यांच्या ट्रामनें जेथें घंटा वाजविली, त्याच वस्तीखालीं आज गाडी धांवते. ही सुधारणा मोठी आहे, आणि तिचें स्वागत करावयास मला संकोच नाहीं. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, वाहनाची परीक्षा घेतांना तें तासाला किती मैल जातें, हें विचारून थांबूं नये. घराच्या उंबऱ्यापासून बसावयाच्या जागेपर्यंत पोहोंचण्यास म्हाताऱ्या माणसाला किती कष्ट पडतात, हेंही विचारावें. त्या दुसऱ्या प्रश्नाला ट्रामजवळ उत्तर होतें. तें आपण तिच्याबरोबरच मोडींत काढलें.