लेकरे दूर असताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असे कार्यकारिणीने ठरविले. मी काही व्याख्याती नव्हे. संक्रांतीला वाण काय आणावे यापलीकडे या जागेवरून मी कधी बोललेले नाही. पण विषय माझ्या घरातला आहे. सैन्यातली वैद्यकीय सेवा शिकावयास गेलेल्या मुलांच्या आम्ही चार आया. आम्ही एकमेकींना धीर कसा दिला, आणि एका वेळी तो कसा दिला नाही, ते मला सांगावयाचे आहे. दुसरा भाग सांगावयास जड जातो. पण खरे म्हणजे त्याच्यासाठीच मी उभी राहिले आहे.

आपल्या जऊळक्याच्या नावापुढे ‘रेल्वे’ लागते. अकोला-पूर्णा मार्गावरचे हे आपले छोटेसे स्टेशन. येथून मुले भरतीला जातात, काही लागतात, काही परत येतात. पण माझा मुलगा ‘नर्सिंग असिस्टंट’ म्हणून निवडला गेला तेव्हा घरात कोणाला अर्थच कळेना. बारावीला त्याने जीवशास्त्र घेतले होते, म्हणून त्याला तो अर्ज भरता आला. शेजारच्या आजी म्हणाल्या, “मायबाई, फौजेत जाऊन पट्ट्याच बांधीन का हा?” मलाही आतून तसेच वाटले होते.

मग हळूहळू समजत गेले. सेनेच्या वैद्यकीय दळाची स्थापना ३ एप्रिल १९४३ रोजी झाली. त्याचे शिक्षणकेंद्र लखनौला आहे. तेथे मुलाला आधी शिपाई करतात : पहाटेची दौड, कवायत, बंदूक. त्यानंतर शुश्रूषा शिकवितात. रक्त थांबविणे, मोडलेल्या हाडाला आधार बांधणे, शिरेतून औषध देणे, जखमीला स्ट्रेचरवरून हलविणे. शिवाय एक गोष्ट मनावर बिंबवितात की, जखमी हा जखमी. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी हे सगळ्या जगाला बांधून दिले आहे. तो आपला की शत्रूचा हे पाहावयाचे नाही. ज्याला अधिक गरज त्याच्यावर आधी उपचार.

आमच्या चौघींपैकी तिघींचे मुलगे थोड्याफार अंतराने लखनौला गेले. चौथीची मुलगी मुंबईला. तिची वाट वेगळी. सैनिकी परिचर्या सेवेत मुलींना चार वर्षांचा बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यास असतो, आणि तो पुरा झाला की लेफ्टनंट म्हणून नेमणूक मिळते. मुंबईत कुलाब्याला नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय आहे, तेथे ती शिकते. तिच्या आईला आम्ही सगळ्या वहिनी म्हणतो.

पहिले महिने फार कठीण गेले. केंद्रात फोन मुलांच्या हाती सारखा नसतो. माझ्या मुलाचा फोन रविवारी येई, तोही पाच मिनिटे. उरलेले सहा दिवस त्या पाच मिनिटांवर काढावयाचे. एका रविवारी भजन आटोपल्यावर आम्ही चौघी मंडळाच्या ओट्यावर बसलो आणि तेथूनच आमची बैठक सुरू झाली. कोणी ठराव केला नाही. पण नियम आपोआप पडत गेले. फोनवर रडावयाचे नाही. लेकरू काय बोलले ते वहीत लिहून ठेवावयाचे, कारण फोन ठेवताच आपण अर्धे विसरतो. जिचा फोन त्या दिवशी आला नाही, तिच्याकडे बाकीच्यांनी जाऊन बसावयाचे. “काळजी करू नकोस” हे शब्द कोणी कोणाला म्हणावयाचे नाहीत. काळजी काय सांगून थांबते?

या बैठकीचा उपयोग मला लवकरच कळला. तिसऱ्या महिन्यात माझा मुलगा फोनवर म्हणाला, “आई, मला नाही जमत. मी परत येतो.” पायाला फोड, झोप अपुरी, बोलणे हिंदीत, जेवण परके. “ये बाबा” हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. शेजारी वहिनींची एक मैत्रीण, म्हणजे आमच्यातलीच एक, बसली होती. पुढे सगळे जिच्याविषयी सांगणार आहे ती हीच. तिने माझा हात दाबला आणि हळूच म्हणाली, “आठ दिवस थांब म्हणा त्याले. हो नको म्हणू, नाही बी नको म्हणू.” मी तेच सांगितले. पुढच्या रविवारी त्याने परत येण्याचे नावही काढले नाही. नाडी कशी मोजतात ते सांगत बसला. त्या दिवशी ती शेजारी नसती तर माझा मुलगा आज घरी असता, आणि त्याचे खापर तो जन्मभर स्वतःवर फोडीत राहिला असता.

मग २०२५ चा मे महिना आला. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ झाले, आणि १० मे रोजी गोळीबार थांबेपर्यंतचे ते दिवस आम्ही कसे काढले ते आमचे आम्हांला माहीत. मुले अजून शिकत होती. शिकाऊ मुलांना कोणी आघाडीवर धाडीत नाही, हे आज समजते. तेव्हा आईच्या मनाला कोण समजावणार? मोबाइलवर घटकेघटकेला काहीतरी येई. कोणते शहर गेले, कोठे बॉम्ब पडला; त्यातले पुष्कळसे धादांत खोटे निघाले. तेव्हा आम्ही आणखी एक नियम केला. ज्या बातमीचा धनी कोण ते ठाऊक नाही, ती पुढे पाठवावयाची नाही. चौघींचे फोन एका ताटात ठेवले आणि शेवया करावयास बसलो. त्या तीन-चार दिवसांत इतक्या शेवया झाल्या की अर्ध्या गल्लीत वाटाव्या लागल्या.

भगिनींनो, इथवर सगळे चांगले झाले. आता जे चांगले झाले नाही ते सांगते.

माझा हात जिने दाबला होता, तिचा मुलगा सुट्टीवर घरी आला असताना मोटारसायकलवरून पडला. गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, पण पहिल्यासारखा पाय राहिला नाही, आणि सैन्याच्या नोकरीतून तो सुटला. तो कायमचा घरी आला तेव्हा आम्ही तिघी एकदा भेटून आलो. चहा घेतला, “नशीब” म्हणालो आणि उठलो. पुढच्या रविवारी ती बैठकीला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ज्या आम्ही फोन न आलेल्या बाईकडे जाऊन बसण्याचा नियम केला, त्याच आम्ही जिचा फोन आता कधीच वाजणार नव्हता तिच्याकडे गेलो नाही.

माझ्या मुलाच्या शपथेच्या परेडला चौघींनी मिळून जावयाचे असे फार आधी ठरले होते. तिकिटे काढताना मी तीन काढली. तिला विचारलेसुद्धा नाही. “तिला वाईट वाटेल,” असे आम्ही एकमेकींना सांगितले. खरे कारण ते नव्हते. तिच्यासमोर आमचा आनंद आम्हांला अवघड झाला असता, म्हणून आम्ही तिला टाळले.

अकोल्याहून भुसावळ, भुसावळहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौ. परेड डोळे भरून पाहिली. बँड वाजत होता, शेकडो मुले एका पावलाने चालत होती, आणि मला माझा मुलगा कोणता ते ओळखू येईना. ओळख पटली तेव्हा पहिली आठवण झाली ती ‘आठ दिवस थांब’ म्हणणारीची. परतीच्या गाडीत झाशी सुटल्यावर दशम्यांची पुरचुंडी सोडली. कोणीच हात लावीना. मग वहिनी म्हणाल्या, “काय वो, आपल्या पोरायले तिथं काय शिकवते? जो पडला त्याले उचलाचं. अन् आपण काय केलं?”

त्यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. गावी उतरल्यावर घरी न जाता आम्ही थेट तिच्या दारात गेलो. ती अंगणात तूर पाखडीत होती. मी म्हणाले, “चुकलो आम्ही.” तिने सूप खाली ठेवले नाही. बराच वेळ पाखडीत राहिली. मग म्हणाली, “पोरगं परत आलं याचं मले दुःख नाही. जितं आलं. पण रविवारी फोन बी वाजत नाही अन् माणूस बी येत नाही, ते सोसलं नाही.” आज ती तुमच्यातच बसली आहे, आणि तिची परवानगी घेऊनच मी हे सांगते आहे.

यावरून मला सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांची गोष्ट आठवते. १९३८ साली राष्ट्रीय सभेने युद्धात होरपळणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चौघे मायदेशी परतले. कोटणीस तेथेच जखमींची सेवा करीत राहिले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांचे नाव अमर झाले, आणि ते योग्यच आहे. पण जे परत आले त्यांनीही जीव धोक्यात घातला होता. त्यांच्या घरच्यांनीही तितक्याच रात्री जागून काढल्या असतील. आईच्या वाट पाहण्याला पहिला-दुसरा नंबर नसतो.

आणखी एक सांगते. तो परत आलेला मुलगा रिकामा बसलेला नाही. त्याचा गुडघा गेला, पण तो जे शिकला ते कोठे गेले नाही. गेल्या काही महिन्यांपासून तो याच ओट्यावर आपल्याला प्रथमोपचार शिकवितो. जखमेतून रक्त वाहत असेल तर हळद, चुना, कॉफी काही भरू नये. स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे, आणि सारखे उचलून पाहू नये. भाजले तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे; टूथपेस्ट लावू नये. सोयाबीनच्या सोंगणीत कोणाला साप चावला तर चिरा देऊ नये, करकचून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. चावलेला हात वा पाय न हलविता माणसाला तडक दवाखान्यात न्यावे, कारण औषध तेथेच आहे. श्वास व नाडी थांबली तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबावे, आणि दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करावा. उशीवर हे करून पाहताना आम्ही पहिल्या दिवशी हसलो. आता हसत नाही. मुलगा लखनौला काय करतो हे मला परेड पाहून कळले नाही. ते या ओट्यावर, उशी दाबून हात भरून आले तेव्हा कळले. आणि कळल्यावर माझी भीतीही थोडी उणावली.

माझी मंडळाला दोनच मागणी आहेत. रविवारची ही बैठक आता चौघींची न राहता मंडळाची व्हावी. जिचे लेकरू घरापासून दूर आहे, मग ते सैन्यात असो, पुण्याला कारखान्यात असो की ऊसतोडीला गेलेले असो, तिच्यासाठी हा ओटा मोकळा असावा. आणि ज्या घरी लेकरू हार घेऊन परत येते, त्या घरी आपण पहिल्यांदा जावे. पेढे वाटणाऱ्या घरी जावयास पाय आपोआप वळतात. दुसऱ्या घराकडे ते वळवावे लागतात.

पुढच्या परेडची तिकिटे काढावयाची आहेत. या वेळी ती चार निघतील.

जय हिंद.