चाचणीचा खर्च आणि दुसऱ्या खेपेचा खर्च
(अहिल्यानगर येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



एचआयव्हीबाधित माणसाच्या शरीरात क्षयाचा जंतू दडून बसला आहे किंवा काय, याची चाचणी सरकारने सरसकट करावी, अशी मागणी आपल्यापैकी काहींनी मांडली. प्रश्न वैद्यकाचा दिसतो. पण खर्च कोणाच्या माथी पडतो हाही त्यातला प्रश्न आहे. म्हणून अर्थशास्त्राच्या माणसाने बोलावयाचे धाडस करतो.

क्षयाचा संसर्ग झालेल्या, एरवी धडधाकट माणसाला उभ्या आयुष्यात प्रत्यक्ष रोग होण्याचा संभव शेकडा ५ ते १० असतो. एचआयव्हीबाधिताला, उपचार नसतील तर, जवळजवळ तेवढाच धोका दर वर्षी असतो. तो कमी करण्यासाठी आयसोनियाझिडची गोळी सहा महिने रोज घ्यावयाची. ही गोळी अतिशय स्वस्त आहे.

चाचणीचा हिशेब मात्र नेहमी चुकतो. वर्गात मीही अशा योजनांचे हिशेब वर्षानुवर्षे तसेच शिकविले. आपण सुईची, औषधाची, परिचारिकेच्या वेळेची किंमत धरतो. परंतु कातडीत टोचून करावयाची चाचणी, मग ती जुनी मॅन्टू असो की पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नवी, दोन-तीन दिवसांनी पुन्हा येऊन दाखवावी लागते. अकोले तालुक्यातील डोंगरवस्तीवरच्या बाईला नगर (जिभेवर अजून हेच नाव येते) शंभर किलोमीटरहून दूर. पाथर्डीचा ऊसतोड मजूर उचल घेऊन टोळीबरोबर गेलेला. खाडा झाला तर दंड. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, आणि दोनदा कोठे गेला होतास म्हणून मुकादमाने केलेली विचारणा. हे शेवटचे तर रुपयांत मांडताच येत नाही. सरकारी वहीत यातले काहीच चढत नाही, म्हणून चाचणी स्वस्त दिसते. रक्ताच्या चाचणीसाठी दाखवायला परत यावे लागत नाही, पण तिला प्रयोगशाळा लागते.

शिवाय प्रतिकारशक्ती फार खालावली की चाचणी खोटा नकार देऊ शकते. म्हणजे ज्याला गोळीची निकड अधिक, नेमका तोच वगळला जावयाचा.

दुसरी बाजूही आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बोट्स्वानातील प्रयोगात तीन वर्षे गोळी दिल्याचा लाभ मुख्यतः चाचणी होकारार्थी असलेल्यांनाच झाला. गोळीने यकृताला अपायही होऊ शकतो. तेव्हा नको त्याला औषध का, ही शंका खोटी नाही. पण दक्षिण आफ्रिकेतील खयेलित्शा या वस्तीत एआरटी घेणाऱ्यांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लाभ तेवढ्यांपुरताच राहिल्याचे दिसले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच चाचणीची अट अनावश्यक ठरविली. भारताच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनाही एचआयव्हीबाधितांकरिता तसेच सांगतात.

मग आपण मागावयाचे काय? खोकला, ताप, वजनातील घट, रात्रीचा घाम : हे चार प्रश्न प्रत्येक भेटीत विचारले जावेत, आणि चौघांचे उत्तर नाही आले, इतर अडचण नसली, तर गोळी सुरू व्हावी. होय आले तर क्षयाचीच तपासणी आधी. असे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. थोडे शिकलेल्या गावच्या बायका आरोग्याचे काम सांभाळू शकतात, हे डॉ. रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून याच जिल्ह्यात, जामखेडला, दाखवून दिले आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना ती स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगितले. तेव्हा एआरटी केंद्रावर निवेदन घेऊन जाल, त्या वेळी चाचणीच्या आधी गोळ्यांचा साठा किती आठवड्यांचा आहे, हे विचारून घ्या.