वस्तू एक, हेतू दोन



ताथवड्याजवळच पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने प्राणरक्षक पेनिसिलिन निर्माण केले. सूक्ष्मजीवांचा उपयोग संहारासाठीही होऊ शकतो. शाईसाठी लागणाऱ्या थायोडायग्लायकॉलवर याच कारणास्तव आंतरराष्ट्रीय देखरेख असते. म्हणूनच कायदा वस्तूइतकाच हेतूही पाहतो. रासायनिक अस्त्रे बाळगणे २००० च्या अधिनियमान्वये, तर जैविक अस्त्रे बाळगणे २००५ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे. दोहोंत शिक्षा जन्मठेपेपर्यंत होऊ शकते. भारताने स्वतःचा सुमारे १,०४४ टन मस्टर्डचा साठाही २००९ पर्यंत नष्ट केला. शासनाने आधी स्वतःस लावलेला हा निर्बंध प्रत्येक नागरिकासही बंधनकारक आहे. शिक्षकांनी तो विद्यार्थ्यांस समजावून द्यावा. गावात रसायनाचे बेवारस पिंप आढळल्यास पंचायत सदस्यांनी त्यास हात न लावता पोलिसांस तत्काळ कळवावे.