पायदळाचे विमान



एका अंगाला तानसेनाची समाधी, दुसऱ्या अंगाला बिर्लानगरच्या बंद पडलेल्या गिरण्या आणि डोक्यावर महाराजपुऱ्याच्या तळावरून उठणारी मिराज विमाने, अशा तिहींच्या मध्ये आपला हा हजीरा वसला आहे. १९८५ साली मिराज ग्वाल्हेरला आली. तेव्हापासून ती वरून गेली की वर्गातला शिक्षक वाक्य अर्धवट ठेवून थांबतो आणि आवाज विरल्यावर पुढे बोलू लागतो. या विमानांनी १९९९ साली कारगिलमध्ये जे काम केले, ते त्यांच्यासाठी योजलेले नव्हते. त्या कामाविषयी मी आज बोलणार आहे.

जमिनीवर शत्रूशी भिडलेल्या आपल्या सैनिकांना वरून विमानाने साहाय्य करणे, याला सैनिकी परिभाषेत क्लोज एअर सपोर्ट म्हणतात. शत्रू आणि आपला जवान यांच्यात कित्येकदा काही शे मीटरांचेच अंतर असते. ताशी सातआठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वैमानिकाला ते अंतर वरून दिसावे कसे? म्हणून या कामासाठी वेगळ्याच घडणीची विमाने निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत इल्युशिन-२ या विमानात एंजिन व वैमानिक यांच्याभोवतीचे पोलादी चिलखत हाच सांगाड्याचा एक भाग होता. अशी ३६ हजारांहून अधिक विमाने रशियाने बांधली. अमेरिकेचे ए-१० हे तर सात नळ्यांच्या एका प्रचंड तोफेभोवती रचलेले विमान. त्याचा वैमानिक टायटॅनियमच्या कवचात बसतो. ही विमाने देखणी नव्हेत. सावकाश जावे, खाली उतरावे, मार खावा आणि तरीही परतावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा.

आपल्याकडे त्या जातीचे विमान म्हणजे मिग-२७. आपल्या वायुदलाने त्याला 'बहादूर' हे नाव दिले होते. वैमानिकाला पुढची जमीन नीट दिसावी म्हणून त्याचे नाक खाली उतरते केलेले होते. आपल्या मराठी मंडळींना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की ही विमाने नाशिकजवळ ओझर येथील हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली जात.

आता कारगिलकडे येऊ. मे १९९९ मध्ये घुसखोर पंधरा-सोळा हजार फुटांवरील शिखरांवर बसलेले आढळले. भूदलाने प्रथम सशस्त्र हेलिकॉप्टरे मागितली. इतक्या उंचीवर ती चालणार नाहीत आणि हवाई शक्ती वापरायची तर सरकारची अनुमती हवी, असे वायुदलाचे म्हणणे होते. त्या वादाचे पडसाद निवृत्त सेनाधिकाऱ्यांच्या लेखनातून पुढे बरीच वर्षे उमटत राहिले. माझ्या मते दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते, परंतु त्यात गेलेले दिवस कड्याखाली अडकलेल्या पायदळाचे होते. नियंत्रणरेषा ओलांडायची नाही या अटीवर अनुमती मिळाली आणि २६ मे रोजी 'सफेद सागर' मोहीम सुरू झाली. त्या वेळी वायुदलाचे प्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस होते.

पुढचे दोन दिवस कठीण गेले. २७ मे रोजी रॉकेटे डागल्यावर फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे एंजिन बंद पडले आणि ते शत्रूच्या हाती सापडले. त्यांचा शोध घेणारे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा यांचे मिग-२१ क्षेपणास्त्राने पाडले. आहुजा परतले नाहीत. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पडले आणि त्यातील चौघेही गेले. त्या हेलिकॉप्टरला उष्णतेचा वेध घेणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या फ्लेअरचे संरक्षण नव्हते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करावे. खांद्यावरून सोडायचे क्षेपणास्त्र साधारण बारा हजार फूट वर पोचते असे धरा. मैदानात विमानाने त्याहून उंच राहिले की ते बचावले. पण क्षेपणास्त्र घेतलेला मनुष्यच सोळा हजार फुटांवर बसलेला असेल, तर विमानाला अठ्ठावीस-तीस हजार फुटांवर जावे लागते. तेथून एखाद्या खंदकावर नेम धरायचा! शिवाय विरळ हवेत बॉम्बला अडथळा कमी होतो, म्हणून तो अपेक्षेपेक्षा पुढे जातो. मैदानात वीस मीटर चुकलेला बॉम्ब निदान जवळ तरी फुटतो. धारेवर तो वीस मीटर चुकला, तर पलीकडच्या दरीत शेकडो मीटर खाली जातो आणि शत्रूच्या केसालाही धक्का लागत नाही. खाली उतरून मार सोसण्यासाठी घडवलेल्या विमानाचे सगळे गुण या उंचीने निरुपयोगी करून टाकले.

तेव्हा ग्वाल्हेरची मिराज पुढे आली. हे त्रिकोणी पंखांचे फ्रेंच विमान मुख्यतः आकाशातील लढाईसाठी आणलेले. मोहिमेसाठी ती पंजाबातील आदमपूर तळावर गेली. लेझरने लक्ष्य दाखवणारी नवी यंत्रणा घाईघाईने बसवून घेतली गेली. १७ जून रोजी बटालिक भागातील मुंथो ढालो येथील शत्रूचा रसदतळ मिराजांनी उद्ध्वस्त केला; २४ जून रोजी टायगर हिलवर लेझर-बॉम्ब पडले. लोकांच्या स्मरणात लेझर-बॉम्ब राहिले आहेत, परंतु ते मोजकेच वापरले गेले. बहुतांश काम साध्या बॉम्बांनीच झाले.

काटेकोर अर्थाने पाहिले तर मुंथो ढालोचा हल्ला हे निकटचे साहाय्य नव्हतेच. तेथे आपला जवान जवळ नव्हता. मिराजांनी शिखरावरच्या शत्रूचे अन्न, दारूगोळा आणि तंबू तोडले, आणि ही मदत फार मोलाची होती. पण टायगर हिल सर झाले ते ४ जुलैला, १८ ग्रेनेडियर्सच्या जवानांनी रात्रीच्या अंधारात कडा चढून, हातघाईच्या लढाईने. एकट्या मिराजनेच कारगिल जिंकले, असे आपल्या शहरात अभिमानाने बोलले जाते. त्या चढाईतील जवानांना स्मरून मला हे विधान स्वीकारवत नाही.

याउलट उदाहरण १९७१ च्या लोंगेवालाचे. तेथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीने रणगाड्यांसमोर एक संपूर्ण रात्र काढली, कारण जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री लढता येत नव्हते. उजाडताच हंटर आली. वाळूत रणगाड्यांचे माग स्पष्ट उमटलेले होते, आणि मेजर आत्मासिंग हे 'कृषक' या लहानशा निरीक्षण विमानातून हंटरच्या वैमानिकांना लक्ष्ये दाखवीत होते. हंटरही खास या कामाचे विमान नव्हते. परंतु जमीन ओळखणारा एक मनुष्य मध्ये होता आणि वैमानिकाला त्याचे बोलणे ऐकू जात होते. माझ्या मते चिलखत आणि तोफ यांच्याआधी याची सोय हवी.

मिग-२७ ने २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला निरोप घेतला. कारगिलच्या अनुभवातून मात्र एक नवे यंत्र जन्मले: हिमालयाच्या उंचीवर शस्त्रांसह उडू शकणारे 'प्रचंड' हे देशी लढाऊ हेलिकॉप्टर. ते ३ ऑक्टोबर २०२२ रोजी वायुदलात दाखल झाले. मार्च २०२५ मध्ये आणखी १५६ हेलिकॉप्टरांचा करार झाला. त्यातील ६६ वायुदलासाठी आणि ९० भूदलासाठी आहेत. १९९९ च्या मे महिन्यात ज्यांनी हेलिकॉप्टरे मागितली होती, त्यांच्या वाट्याला या वेळी मोठा हिस्सा आला आहे.