चिपच्या दारातला हंडा

कविता लिहिणाऱ्या माणसाने आज मायक्रोकंट्रोलरविषयी बोलावे, याचे कारण पाणी आहे. आमची किन्हवली शहापूर तालुक्यातली. भातसा आणि तानसा ही धरणे याच तालुक्यात आहेत आणि त्यांचे पाणी मुंबईला जाते. इथल्या कितीतरी गावपाड्यांनी मात्र वर्षानुवर्षे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली आहे. अशा मुलखात भरलेली टाकी वाहत राहिली, तर जिवाला लागते. टाकी भरत आली की बझर वाजावा, एवढेच काम करणारे यंत्र गावातली मुले स्वतः बनवू शकतात.

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला लहानसा संगणक. एटीमेगा ३२८ ही चिप घ्या. प्रोग्राम ठेवायला ३२ किलोबाइट जागा आणि चालू कामाला २ किलोबाइट स्मृती, एवढाच तिचा संसार. आर्डुइनो उनो या प्रसिद्ध बोर्डावर हीच चिप असते. तयार बोर्डाने काम लवकर होते. पण त्यातले अत्यावश्यक काय आणि सोयीचे काय, ते कळत नाही. ते कळण्यासाठी चिप सुटी घ्यावी.

चपट्या चिपला ३२ पाय असतात आणि दोन पायांमधले अंतर अवघे ०.८ मिलिमीटर. हाताने तारा जोडणे अवघडच. ब्रेकआउट बोर्ड हे पाय ऐसपैस, २.५४ मिलिमीटर अंतरावरच्या भोकांपर्यंत आणून देतो.

आता लागते काय? पाच व्होल्टचा पुरवठा. तो चिपच्या सगळ्या वीज-पायांना आणि ग्राउंडच्या पायांना पोचला पाहिजे. रीसेटचा पाय १० किलोओहमच्या रेझिस्टरने पाच व्होल्टला बांधायचा, नाहीतर आसपासच्या विजेच्या गोंगाटाने चिप मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आणि वीज-पायांच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. हा कपॅसिटर म्हणजे दारातला हंडा. चिप क्षणाक्षणाला विजेचा घोट मागते आणि लांबून तारेने येणारी वीज तेवढ्या चपळाईने पोचत नाही. तेवढ्यापुरते हा हंडा भागवतो. आपल्या आयाबहिणींना हे वेगळे समजवायला नको.

क्रिस्टलही लागतोच असे नाही. चिपच्या पोटात ८ मेगाहर्ट्झचे घड्याळ आहे. बझरला ते पुष्कळ झाले. शेरात एक शब्द कमी केला तर अर्थ कोसळतो आणि जास्त घातला तर वजन बिघडते. या मंडलाचेही तसेच आहे.

टाकीत वरच्या पातळीवर स्टीलच्या दोन तारा सोडायच्या. एक चिपच्या आउटपुट पायाला. दुसरी अॅनालॉग पायाला, आणि तिथून १०० किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. पाण्याने तारा जोडल्या की आकडा वाढतो, बझर वाजतो. तारांना वीज मात्र अखंड देऊ नये, त्या झिजतात. काही सेकंदांनी क्षणभर द्यावी, तपासावे, बंद करावी.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातांनी काम करत शिकणे, ही तिथली रीत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने २००२ मध्ये तिथे फॅब लॅबही उभी राहिली. खेड्यातल्या मुलांच्या हाती इलेक्ट्रॉनिक्स देण्याचा विचार म्हणजे आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे.

हे यंत्र पाणी आणणार नाही. त्यासाठी माणसांनाच बोलावे लागेल. पण आलेले पाणी ते राखील. आणि ज्या मुलीने ते जोडले, तिला ‘हे आपले काम नाही’ असे पुढे कोणी सांगू शकणार नाही.