लाल सळई आणि तापलेली पेटी

आज बोलायचंय विजेच्या ओव्हनवर. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी रेडिओ बंद करू नका, कारण बचत गटाच्या बैठकीत आज ना उद्या हा विषय निघतोच. आणि ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तर जरा जवळच बसा. मी चार गावांच्या बैठकांना जाते. जिथं ओव्हन घेतलाय तिथं हमखास विचारते, की शेवटचा कधी लावला? मग बाया एकमेकींकडं बघतात. कुठं त्याच्यावर पापडाचा डबा ठेवलेला असतो, कुठं आतमध्ये पिशव्या कोंबलेल्या. एका ठिकाणी तर मांजर व्यायलं होतं.

हसू नका, आमचाही त्याच वाटेवर होता.

आम्ही दहाजणींनी गटाच्या कर्जातून ६० लिटरचा ओव्हन घेतला. धाकट्या वहिनींनी आपल्या हिश्शासाठी शेळी विकली होती. दुपारी करून बघितलेल्या पहिल्या दोन ट्रे नानकटाया इतक्या सुरेख आल्या की आम्हाला वाटलं, झालं, आलं हे काम. त्या जोरावर दिवाळीची १५ किलोची ऑर्डर घेतली. आणि ठरवलं की रात्रीची जेवणं आटपून बसू, सकाळपर्यंत सगळं डब्यात.

आता माझ्याबरोबर जरा हिशोब करा. हा हिशोब आम्ही ऑर्डर घेण्याआधी करायला पाहिजे होता. एका ट्रेत ३० नानकटाया बसतात, म्हणजे साधारण ६०० ग्रॅम. १५ किलोला झाले २५ ट्रे. एक ट्रे भाजायला २० मिनिटं, आणि दार उघडून ट्रे बदलला की ओव्हन परत तापायला ५ मिनिटं. २५ ट्रेची २५-२५ मिनिटं म्हणजे ६२५ मिनिटं. साडेदहा तास! आम्ही बसलो रात्री ९ वाजता, आणि माल द्यायचा होता सकाळी ७ ला.

तिसऱ्या ट्रेलाच हे लक्षात आलं. मग सुरू झाली घाई. ओव्हन पुरता तापायची वाट न बघता ट्रे आत सारायला लागलो. एकावर एक दोन ट्रे ठेवले. नानकटाई पांढरीच राहते म्हणून १७० वरचं बटण २२० वर नेलं. मग काय झालं सांगू? खालच्या ट्रेतल्या नानकटाया बुडाला काळ्या आणि वरून पांढऱ्या. वरच्या ट्रेतल्या वरून करपलेल्या आणि फोडून बघितल्या तर मध्ये ओलं पीठ. पहाटेपर्यंत ५ किलो माल वाया गेला. तुपाचा वास सगळ्या गल्लीत, आणि आम्ही तोंडं पाडून बसलेल्या. त्या दिवशी जेमतेम ९ किलो दिला. बाकीचे पैसे कापले गेले, त्यात त्यांची काही चूक नाही.

घरोघरी बोलणी बसली ती वेगळीच. ओव्हन विकून टाकू, असं दोघीतिघी म्हणाल्या. धाकट्या वहिनी काहीच बोलल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या लहानपणी दिवाळीच्या आधी पीठ, तूप, साखर डब्यात घालून तालुक्याच्या बेकरीत न्यायचे आणि नानकटाया भाजून आणायचे. नंबर लावून बसावं लागायचं. ती लाकडाची भट्टी चालवणारे एक चाचा अजून आहेत. मी आणि आमच्या गटाच्या अध्यक्षीणबाई त्यांच्याकडे गेलो. करपलेल्या चार नानकटाया रुमालात बांधून नेल्या होत्या. त्यांनी एक उलटी करून बुड बघितलं आणि विचारलं, "जाळ चालू असताना घातल्या का?" आम्ही म्हटलं, चाचा, जाळ कुठला, विजेचं आहे ते. ते म्हणाले, "विजेलाही जाळ असतो. आम्ही आधी लाकूड जाळून भट्टीच्या विटा तापवतो. मग जाळ बसल्यावर पाव आत घालतो. पाव भाजतो तो विटांच्या धगीवर, जाळावर नाही."

ओव्हनची सगळी मेख यात आहे. घरी येऊन मी ओव्हनच्या काचेतून बघत बसले. आत वर दोन आणि खाली दोन सळया असतात, वायरमन त्यांना कॉइल म्हणतो. बटण फिरवलं की त्या लालबुंद होतात. हा झाला जाळ. या लाल सळईची धग समोर जे असेल त्याच्या अंगावर सरळ येते, जशी होळीसमोर उभं राहिलं की तोंड भाजतं आणि पाठ गारच राहते. हळूहळू आतली हवा तापते, पत्र्याच्या भिंती तापतात, जाळी तापते. बटणावर लावलेल्या आकड्याइतकी उष्णता झाली की सळया आपोआप बंद होतात आणि बहुतेक ओव्हनचा छोटा दिवा विझतो. उष्णता उतरली की सळया परत पेटतात, परत विझतात. दिवा पहिल्यांदा विझेपर्यंत सळया सलग लाल असतात. त्या वेळात तुम्ही काहीही आत ठेवलंत तर ते बाहेरून होरपळतं आणि आतून कच्चं राहतं. पेटी तापल्यावर ठेवलंत तर चारी बाजूंनी सारखं भाजतं.

आणि आम्ही काय केलं? थंड पेटीत माल ठेवला, वर आकडा वाढवला. आकडा वाढवला म्हणून पेटी लवकर तापत नाही बरं. सळई तेवढ्याच जोरानं तापते, फक्त जास्त वेळ लाल राहते. म्हणजे आम्ही जाळच लांबवला.

दुपारी जमलं ते रात्री का जमलं नाही, याचं आणखी एक कारण निघालं. व्होल्टेज. रात्री शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडं व्होल्टेज पडतं. वायरमननं मीटर लावून दाखवलं, २३० च्या जागी १९०. तुम्ही म्हणाल, ४० नं काय फरक पडतो? पण सळईची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं कमी होते. १९० व्होल्टला २००० वॅटचा ओव्हन १४०० वॅटचासुद्धा राहत नाही. दोन तृतीयांश जोर, एवढाच. दुपारी १० मिनिटांत तापणाऱ्या पेटीला रात्री १५-२० मिनिटं लागतात. आम्ही घड्याळ बघून १० मिनिटांनी माल घालत होतो. म्हणून घड्याळावर जाऊ नका, दिव्यावर जा. दिवा विझला की आणखी ५ मिनिटं थांबा, म्हणजे भिंतीही तापतात. मगच दार उघडा, आणि उघडलं की झटकन ट्रे सारून लावा. दार उघडं ठेवून जावेशी बोलत उभं राहायचं नाही.

आता दुसरी गोष्ट, बटणावरचा आकडा. तो खरा असेलच असं नाही. आमच्या ओव्हनमध्ये १७० लावलं की आत १५० असतं. ओव्हनमध्ये जाळीवर ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, त्यानं कळलं. तापाचा थर्मामीटर घालू नका हं, फुटेल. थर्मामीटर नसेल तर साखरेनं बघता येतं. साखर साधारण १८६ अंशाला वितळते. ओव्हन १७५ वर पुरता तापवून वाटीत चमचाभर साखर १५ मिनिटं ठेवा. ती पांढरी, कोरडी राहिली पाहिजे. मग नवी साखर घेऊन १९० वर तेच करा, आता वितळली पाहिजे. पहिल्याच वेळी वितळली तर तुमचा ओव्हन आकड्यापेक्षा गरम चालतो. दुसऱ्या वेळीही वितळली नाही तर थंड चालतो. एकदा कळलं की ओव्हनवर मार्करनं लिहून ठेवायचं, म्हणजे ज्या बाईची पाळी असेल तिला विचारत बसावं लागत नाही.

तिसरी परीक्षा पावाची. ही मला सगळ्यात आवडते. स्लाइस पाव घ्या, मधल्या जाळीवर एकाला एक लावून सगळी जाळी भरून टाका आणि तापलेल्या ओव्हनमध्ये १८० ला ८-१० मिनिटं ठेवा. काढल्यावर जाळीचा नकाशाच समोर येतो. कुठं पाव तांबूस, कुठं पांढरा, कुठं काळपट. आमचा उजवीकडचा मागचा कोपरा तापट निघाला. मग आम्ही अर्धा वेळ झाला की ट्रे फिरवतो, मागची बाजू पुढं. पाव वाया जात नाही, पोरं चहाबरोबर खातात. पंखेवाला ओव्हन असेल तर आतली हवा फिरते, भाजणं जास्त सारखं होतं. तिथं आकडा २० अंशांनी कमी लावायचा.

ट्रेचंही सांगते. काळा ट्रे उष्णता जास्त खेचतो, बुड लवकर तांबूस होतं. अॅल्युमिनियमचा चकचकीत ट्रे जरा सबुरीनं भाजतो. नानकटाईला मी चकचकीतच घेते. ट्रे भिंतीला टेकता कामा नये, चारी बाजूंनी बोटभर-दोन बोटं हवा खेळायला जागा पाहिजे. आणि आमच्यासारखे दोन ट्रे एकदम नको. खालचा ट्रे वरच्याची खालची धग अडवतो, वरचा खालच्याची वरची. ट्रेखाली वर्तमानपत्र घालणाऱ्या बायाही मी बघितल्यात. त्याची शाई खायच्या वस्तूला लागू द्यायची नाही, भाजायला चालणारा बटर पेपरच घ्यायचा.

नानकटाईचं आमचं प्रमाण किलोभर पिठाला अर्धा किलो तूप आणि अर्धा किलो पिठीसाखर. पिठात थोडं बेसन, थोडा रवा. आत खरे १६०-१६५ अंश, १८ ते २० मिनिटं. बाहेर काढताना ती मऊच लागते. इथंच बाया फसतात, कच्ची आहे म्हणून परत आत ढकलतात. कडा किंचित तांबूस दिसल्या की काढायची आणि ट्रेवरच गार होऊ द्यायची. गार झाली की खुसखुशीत होते.

नाचणीच्या बिस्किटांना मात्र हा रंगाचा नियम लावू नका. पीठच तांबडं, भाजलेलं दिसणार कसं? तिथं एक उलटून बुड बघायचं, कड दाबून बघायची आणि नाकावर विश्वास ठेवायचा. कच्च्या पिठाचा वास जाऊन खमंग वास आला की झालं. आणि नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या नाचणीचा केक कणकेच्या केकसारखा सहज फुगत नाही, थोडी कणीक मिसळलेली बरी.

केकचं थोडक्यात सांगते. डबा दोन तृतीयांशच भरायचा, १७०-१८० अंश, ३० ते ४० मिनिटं, आणि पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. गार हवा गेली की मधे बसतो. वरून लवकर काळा व्हायला लागला तर वर सैलसर फॉइल ठेवा. मध्येच लाईट गेली तर बिस्किटं बंद पेटीच्या धगीवर थोडा वेळ भाजत राहतात, दार उघडू नका. केक मात्र बहुतेक वेळा बसतोच. म्हणून लाईट जायच्या वेळी केक लावू नये.

शेंगदाणे ओव्हनमध्ये फार छान भाजतात आणि कोणाला तव्यापाशी उभं राहावं लागत नाही. एकच थर पसरायचा, १५०-१६० अंश, २० मिनिटांच्या आसपास, मधे दोनदा हलवायचे. एक दाणा फोडून बघा, आत फिका सोनेरी दिसला की काढा. पुरता तांबूस होईपर्यंत थांबलात तर बाहेर काढल्यावर तो स्वतःच्या उष्णतेवर आणखी भाजतो आणि कूट कडवट होतं. काढले की लगेच परातीत पसरायचे.

वांग्याचं विचाराल तर तेल लावून, टोचे मारून, २०० अंशाला ४० मिनिटांत मऊ होतं. टोचे विसरू नका, नाहीतर आत फुटतं आणि सगळा ओव्हन पुसत बसावं लागतं. पण चुलीच्या भरिताची चव येत नाही, खोटं कशाला सांगू. मी गरात वाटी ठेवून त्यात निखारा घालते, वर चमचाभर तेल सोडते आणि झाकण ठेवते. जवळपास येते चव.

विजेचं बिल किती येतं, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत असतो. २००० वॅटचा ओव्हन तासभर सलग तापला तर २ युनिट. सळया मधूनमधून बंद राहतात, त्यामुळं प्रत्यक्षात त्याहून कमी. एकदा तापवला की दाणे, बिस्किटं, रवा सगळं ओळीनं उरकून घ्यायचं. आणि ओव्हन १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावायचा, लांबलचक वायरच्या बोर्डावर कधीच नाही. आमच्या शेजारच्या गावात तसा बोर्ड वितळलाय. गरम ट्रे धरायला फडकं कोरडं घ्या. ओल्या फडक्यातून वाफ हाताला चटका देते. तापलेल्या काचेवर पाण्याचा हात मारू नका.

यंदाच्या दिवाळीला आम्ही १२ किलोच घेतले आणि तीन दिवसांत वाटून टाकले. दुपारी १२ ते ४, मोटारी बंद असतात तेव्हा. रोज ४ किलो, ७ ट्रे, तीन तासांत काम आटोपतं. ओव्हनपाशी धाकट्या वहिनी बसतात. त्यांच्या वहीत प्रत्येक ट्रेची वेळ, लावलेला आकडा आणि दिवा किती मिनिटांनी विझला ते लिहिलेलं असतं. मागच्या आठवड्यात त्यांनी मला सांगितलं, दिवा विझायला आता आधीपेक्षा ४ मिनिटं जास्त लागतायत. वायरमनला बोलावलं, तर खालची एक सळई गेलेली. आता नवीन बसवली की पावाची परीक्षा परत घ्यायची आहे. ज्यांना बघायला यायचंय त्यांनी बुधवारी दुपारी आमच्याकडं या, येताना एक स्लाइस पाव आणा. कालचा असला तरी चालेल.