लग्नात फोटो कोणाचे काढावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यामुळे मोठा विषय न घेता आपल्या घरचाच घेते : लग्नातले फोटो.

माझ्या लग्नाच्या वेळी कॅमेऱ्यात रीळ असे. एका रिळात छत्तीस फोटो. तेव्हा ओळीत उभे करून, "हलू नका" म्हणून ते जपून काढीत. आता रिळाचा खर्च उरला नाही, पण उभे करण्याची खोड वाढली. भटजींना मंत्र थांबवायला लावतात, घातलेला हार काढून पुन्हा घालायला लावतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे जिथे सप्तपदीची चाल आहे, तिथे सातवे पाऊल पडले की लग्न पुरे होते. लग्न म्हणजे नुसते नाचगाणे व खाणेपिणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली सांगितले. मग तेच पाऊल फोटोसाठी परत टाकायला लावणे बरे का?

गेल्या उन्हाळ्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात माझ्या पुतणीचे लग्न झाले. जुन्या मालगुजारी वाड्यात मांडव होता. १९५१ साली मालगुजारी गेली. वाडा, आंब्याची झाडे आणि मागची बोडी तेवढी राहिली. फोटो काढायला नागपूरची एक मुलगी आली होती. ती म्हणाली, "काकू, मी कोणाला उभे करणार नाही. जे घडेल तेच टिपीन." याला डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणतात, म्हणजे जसे झाले तसे दाखवणे. मांडवावर डहाळ्या टाकणारे गडी, तांदूळ निवडणाऱ्या बाया, चुलीवरची मोठी गंजे, पंगतीत पेंगलेले पोर, सारे तिने टिपले. बाईमाणूस म्हणून माजघरातही तिला कोणी अडवले नाही.

आमच्या एक चुलत सासूबाई आहेत. ऐन तारुण्यात कपाळ पांढरे झाले. घरातल्या प्रत्येक लग्नाचा स्वयंपाक त्यांच्या हातचा. पण हळद लागायची वेळ आली, फोटोला हाक झाली, की त्या आपणहून आत जातात. त्यांना सांगावेही लागत नाही, याचेच मला वाईट वाटते. या मुलीच्या फोटोत त्या आल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून, हाताचे पीठ तसेच ठेवून, त्या हळद लागणाऱ्या नातीकडे बघत आहेत. तोंडावर असे हसू, की मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते.

फोटो आले तेव्हा घरातले एक वडीलधारे म्हणाले, "शुभकार्याच्या अल्बममध्ये हा नको." पुतणी म्हणाली, "आजीचा फोटो काढायचा असेल, तर मला अल्बमच नको." फोटो राहिला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले. ठराव गावाने करायचा. पण अल्बम आपल्याच घरात लागतो. तिथे कोण असावे हे ठरवायला आपल्याला कोणाची सही लागत नाही.

घरी लग्न निघाले तर एवढे करा. विधी चालू असता कॅमेऱ्यासाठी थांबवू नका. राबणारी माणसे, म्हातारी माणसे, विधवा बहिणी यांची नावे फोटोवाल्याला आधीच सांगून ठेवा. मात्र जसे झाले तसे म्हणजे वाटेल ते नव्हे. हळदीच्या न्हाणाचा किंवा पदर ढळल्याचा फोटो कोणी काढू नये, आणि जिला नको असेल तिला विचारल्यावाचून काढू नये. निवडक फोटो कागदावर उतरवून मागे नाव, गाव, तारीख लिहा. मोबाईल बिघडला की त्यातले फोटोही जातात.

आपल्या मुलींनाही हा कॅमेरा शिकू द्या. होमाई व्यारावाला या १९१३ साली जन्मलेल्या बाईंनी साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन वर्तमानपत्रांसाठी फोटो काढले. तसे काम करणाऱ्या त्या भारतातल्या पहिल्या बाई. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आपल्या गोंदियाच्या मुली काय कमी आहेत?